लेकीला फॉरेन्सिक शिकायचंय? कॉलेज निवडण्याआधी एवढं विचारा

(बदनापूर परिसरातल्या महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्त्याच्या आधी पोरींच्या प्रवेशाचा विषय निघतो. नर्सिंग, डी.एड., बी.एस्सी., पोलीस भरती हे शब्द आता आपल्या ओळखीचे झालेत. पण हल्ली आणखी एक शब्द पोरी घरी घेऊन येतात, फॉरेन्सिक सायन्स. मराठीत त्याला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. काही आयांनी आम्हाला विचारलं, "हे नेमकं काय असतं? पोरगी हट्टाला पेटलीय, कॉलेजवाले फोनवर फोन करतात, फी लाखाच्या घरात सांगतात. भरावी का?" आजचं बोलणं त्याच प्रश्नावर आहे.

आधी काम समजून घेऊ. टीव्हीवरच्या सी.आय.डी. मालिकेत डॉक्टर साळुंखे नळीत दोन थेंब टाकतात आणि लगेच निकाल सांगतात. खरं काम तसं झटपट होत नाही. एखाद्या गावात कुणाचा संशयास्पद मृत्यू झाला की आपण ऐकतो, "व्हिसेरा राखून ठेवलाय." म्हणजे काय? शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टर पोट, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग काढून मिठाच्या दाट द्रावणात ठेवतात, बरणीला सील करतात आणि पोलीस ती प्रयोगशाळेत पोचवतात. तिथे बसलेला माणूस किंवा बाई तपासते की त्यात विष आहे का आणि असेल तर कोणतं. रक्ताचे डाग, डीएनए, बोटांचे ठसे, खोट्या सह्या, मोबाइलमधून पुसलेले मेसेज, बंदुकीची गोळी, या सगळ्यांची तपासणी याच शास्त्रात येते. डॉक्टरांचं शवविच्छेदन वेगळं आणि हे वेगळं. फॉरेन्सिक शिकलेली पोरगी डॉक्टर होत नाही, शास्त्रज्ञ होते.

हा विषय आपल्याला परका नाही. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सून जळून किंवा औषध पोटात जाऊन गेली, तर "स्टोव्हचा भडका उडाला" आणि "चुकून प्यायली" ही दोन वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकलीत. ती खरी की खोटी, हे कोर्टात शेवटी कागदावर ठरतं आणि त्यातला मोठा कागद प्रयोगशाळेचा असतो. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १७६ मध्ये म्हटलंय की ज्या गुन्ह्याला सात वर्षं किंवा जास्त शिक्षा आहे, तिथे फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय. बलात्कार आणि हुंडाबळी हे गुन्हे यात येतात. म्हणजे या कामाला माणसं लागणार आहेत आणि त्यात आपल्या लेकी असल्या तर चांगलंच.

बायांना हे जमतं का, असं कुणी विचारलं तर त्याला डॉ. रुक्मणी कृष्णमूर्ती यांचं नाव सांगा. १९७४ साली त्या मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत रुजू झाल्या. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या तपासात त्यांनी काम केलं आणि पुढे महाराष्ट्राच्या सगळ्या न्यायसहायक प्रयोगशाळांच्या त्या संचालक झाल्या. त्यांचं शिक्षण होतं रसायनशास्त्राचं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता कॉलेजकडे वळू. आपण तुरीचं बियाणं कसं घेतो? आपल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रानं बीडीएन ७११ सारखे वाण दिले. दुकानात गेलो की पिशवीवरचं चित्र पाहून आपण पैसे देत नाही. टॅग बघतो, किती दिवसांत येतं विचारतो, आपल्या रानात चालेल का हे शेजारणीला विचारतो आणि पावती जपून ठेवतो. कॉलेजचंही तसंच करायचं. माहितीपुस्तकावर पांढरा कोट घातलेली पोरगी दिसते, ते पिशवीवरचं चित्र समजा.

आपल्या भागातून जायला मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली वाट सरकारी संस्थेची. महाराष्ट्र शासनाच्या न्यायसहायक विज्ञान संस्था मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. संभाजीनगरची संस्था २००९ साली सुरू झाली आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहे. बदनापूरहून संभाजीनगर चाळीसेक किलोमीटर. एसटी आहे, रेल्वे आहे. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि विद्यार्थ्यांचा पासही निघतो. तिथे बी.एस्सी.पासून एम.एस्सी.पर्यंत शिकता येतं. जागा मोजक्या असतात, म्हणून अर्जाची तारीख चुकवू नका. ज्या आईच्या पोरीला बारावीला बरे मार्क आहेत, तिनं आधी या दाराची कडी वाजवावी.

दुसरी वाट राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची. हे केंद्र सरकारचं विद्यापीठ आहे, २०२० साली संसदेच्या कायद्यानं झालेलं. मुख्य ठिकाण गुजरातमधलं गांधीनगर. गोव्यात शाखा आहे, नागपूरलाही आता सुरू झालीय. इथे जायला प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नाव मोठं, प्रयोगशाळा चांगल्या, पण फी आणि राहण्याचा खर्च सरकारी कॉलेजापेक्षा बराच जास्त. परीक्षेचा फॉर्म भरायला हरकत नाही, मात्र त्याच एका भरवशावर बसून बाकीचे अर्ज सोडू नका.

तिसरी वाट कुणी सांगत नाही, पण आम्हाला ती शहाणपणाची वाटते. जवळच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. करायची आणि मग एम.एस्सी. फॉरेन्सिकला जायचं. फी कमी, पोरगी घरून ये-जा करू शकते आणि पदवी झाल्यावर तिचं मन बदललं तरी शिक्षिका, औषध कंपनी, बी-बियाण्यांची प्रयोगशाळा, स्पर्धा परीक्षा असे रस्ते मोकळे राहतात.

आता खाजगी कॉलेजं आणि खाजगी विद्यापीठं. सगळीच वाईट नसतात. पण आमच्यातल्या दोघीजणी एका पोरीबरोबर असं एक कॉलेज बघायला गेल्या होत्या. पाटी मोठी होती, स्वागतकक्षात थंडगार हवा होती. "प्रयोगशाळा दाखवा" म्हटल्यावर अर्धा तास किल्ली सापडेना. उघडली तेव्हा यंत्रावर प्लॅस्टिक तसंच गुंडाळलेलं होतं. त्या दिवशी पोरीनंच आईचा हात धरला आणि म्हणाली, "चल, जाऊ."

म्हणून आम्ही काही प्रश्न तयार केलेत. वहीत लिहून घ्या.

पहिला प्रश्न, पदवी कोण देणार? कॉलेज पदवी देत नाही, विद्यापीठ देतं. त्या विद्यापीठाचं नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, ते पाहा. आयोग बोगस विद्यापीठांची यादीही जाहीर करतो. नेट कॅफेत किंवा शिकलेल्या भाच्याच्या मोबाइलवर पाच मिनिटांत कळतं. आणि महिन्या-दोन महिन्यांच्या सर्टिफिकेटला पदवी समजू नका.

दुसरा प्रश्न, गुणपत्रिकेवर रसायनशास्त्र हा विषय असेल का? हा सगळ्यात महत्त्वाचा. महाराष्ट्राच्या न्यायसहायक प्रयोगशाळांनी २०२४ मध्ये वैज्ञानिक सहायक वगैरे पदांची भरती काढली. तिथे प्रत्येक कामाला वेगळी पात्रता होती. रासायनिक तपासणीला रसायनशास्त्र, मोबाइल-संगणकाच्या कामाला संगणकाची पदवी, मानसशास्त्राच्या कामाला मानसशास्त्र. नुसतं "फॉरेन्सिक" असं नाव पदवीवर आहे म्हणून प्रत्येक जागेला अर्ज चालतो असं नाही. म्हणून प्रवेशाआधी भरतीची जुनी जाहिरात काढा, "शैक्षणिक अर्हता" हा रकाना वाचा आणि कॉलेजच्या विषयांशी जुळवून बघा. कॉलेजवाल्यांना ती जाहिरात दाखवा आणि विचारा, तुमची पोरं याला बसतात का?

तिसरा, प्रयोगशाळेत बी.एस्सी.च्या पोरी स्वतः हात लावून काय करतात? एका सूक्ष्मदर्शकावर किती पोरी? यंत्रं दाखवायची आहेत की वापरायची?

चौथा, कायम शिक्षक किती आणि त्यांचं शिक्षण कोणत्या विषयात? तासाला येऊन जाणाऱ्यांवरच वर्ग चालत असेल तर विचार करा.

पाचवा, प्रशिक्षण कुठे मिळतं? सरकारी प्रादेशिक प्रयोगशाळा संभाजीनगर, नांदेड, नाशिक, पुणे, नागपूर, अमरावती, कोल्हापूर इथे आहेत. "आमच्या पोरी तिथे जातात" असं कुणी म्हटलं तर पत्र दाखवायला सांगा.

सहावा, मागच्या दोन तुकड्यांतल्या पोरी आज काय करतात? दोघींचे फोन नंबर त्यांच्या परवानगीनं मागा आणि पोरीला थेट बोलू द्या. आरशासारखं खरं तिथेच दिसतं.

सातवा, सगळा खर्च मिळून किती? फी, डिपॉझिट, परीक्षा, प्रयोगशाळा, वसतिगृह, खानावळ, गणवेश. कागदावर घ्या, तोंडी नको. पैसे भरले की पावती घ्या. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं कॉलेजनं अडकवून ठेवायची नाहीत, असा अनुदान आयोगाचा नियम आहे. तपासून परत मागा.

आता पैशांचं. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, बँक खात्याला आधार जोडणी, हे निकालाआधीच करून ठेवा. तहसीलला निकालानंतर किती गर्दी असते, आपल्याला माहीत आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर होतात. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलींसाठी स्वाधार योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. २०२४ च्या जुलैमध्ये शासनानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या काही प्रवर्गांच्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. पण ती ठराविक व्यावसायिक अभ्यासक्रमांना आणि ठराविक पद्धतीनं झालेल्या प्रवेशांना आहे. "पोरीला फुकट आहे" असं कुणी म्हणालं तर विचारा, "याच कोर्सला? लिहून द्या."

कर्ज काढायचंच असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज काढा. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. फीसाठी आठवड्याच्या हप्त्याचं फायनान्सचं कर्ज काढू नका. पदवीला तीन वर्षं लागतात, नव्या धोरणात चारही होतात, आणि हप्ता पुढच्याच आठवड्यात दारात येतो. रान विकून फी भरायची वेळ आली तर थांबा आणि तिसऱ्या वाटेचा विचार करा.

नोकरीबद्दलही सरळ बोलू. सरकारी जागा येतात, पण दरवर्षी येत नाहीत. काही जागा कंत्राटी असतात. खाजगी प्रयोगशाळा, बँका, विमा कंपन्या, सायबर तपासाच्या कंपन्या यांतही काम आहे, पण बहुतेक मोठ्या शहरात. पोरीला पुणे-मुंबईला पाठवायची तयारी आहे का, हे प्रवेशाच्या दिवशी घरात बोलून घ्या. शिकवायचं आणि मग "लांब नको" म्हणायचं, यात पोरीचं नुकसान होतं.

घरातली म्हातारी माणसं म्हणतील, "मढ्यांचं काम, पोरीला स्थळ कोण देणार?" त्यांच्यावर रागावू नका. त्यांना सांगा की प्रयोगशाळेत बरणी असते, कागद असतो, यंत्र असतं. आणि ज्या घरची पोर न्यायाविना गेली, त्या घराला विचारा या कामाची किंमत काय असते.

शेवटी, ज्यांच्या पोरी आत्ता दहावीत आहेत त्यांच्यासाठी. अकरावीला विज्ञान शाखा घेतली नाही तर हे दार उघडत नाही. तेव्हा निर्णय बारावीनंतरचा नाही, दहावीनंतरचा आहे.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटात ज्यांच्या पोरी दहावी-बारावीला आहेत त्यांची नावं काढा. हे सात प्रश्न एका कागदावर लिहा आणि प्रत्येकीला एक प्रत द्या. कॉलेज बघायला आई एकटी जाऊ नये, गटातल्या दोघी बरोबर जाव्यात. एकटीला "मावशी, तुम्हाला कळणार नाही" म्हणणारे लोक तिघींसमोर जरा नीट बोलतात.

तुमच्या पोरींना चांगलं कॉलेज मिळो.