स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी



चाळीत पंच बसले, स्टॅम्पपेपरवर तिचा अंगठा घेतला, म्हणाले, सुटलीस. सुटलं कोण? तो! दुसरी आणून मोकळा.

१९५५चा हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू. घटस्फोट कोर्ट देतं, पंच नाय. (रूढी शाबित केली तर वेगळं, पण बावीस प्रतिज्ञा घेऊन कुठली रूढी शाबित करणार?) तोवर तीच बायको. पोटगी मागा. जुनं कलम १२५, १ जुलै २०२४पासून नव्या संहितेत १४४. बाईला सरकारी वकील-मदत फुकट, १९८७च्या कायद्यानं. लग्नावाचून नवराबायकोसारखी नांदली, तरी २००५च्या कायद्यानं तिला परस्पर घराबाहेर काढता येत नाही.

हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी १९५१ला मंत्रिपद सोडलं. आणि आपण पंचांपुढं अंगठा?

दिला असेल, तर तो कागद फाडू नका. कोर्टात घेऊन या.