ज्याचे पुस्तक त्याच्या हाती

"आमचा मुलगा पुस्तकाला हात लावीत नाही," ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पालक ती शिक्षकांजवळ करतात, शिक्षक पालकांजवळ करतात. ज्याच्याविषयी ती असते त्या मुलाला मात्र कोणी काही विचारीत नाही.

अशा मुलांचा विचार करताना मला एका थोर माणसाची आठवण होते. शि. रा. रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत असत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत त्या निर्जन कामाला इतके कंटाळले, की आपल्याला पुन्हा वर्गात पाठवा अशी विनवणी करू लागले. आधी इंग्लंडला जाऊन या, मग ठरवू, असे त्यांना सांगण्यात आले. तिकडे त्यांनी लहानथोरांनी गजबजलेली ग्रंथालये पाहिली आणि त्यांचे मन पालटले. पुढे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्यांना आपण मान दिला, ते पहिल्या भेटीत ग्रंथालयातून पळू पाहत होते! तेव्हा पुस्तकापासून पळणाऱ्या मुलाविषयी आपण इतक्या लवकर निराश का व्हावे?

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांपैकी दोहोंचा आशय असा, की प्रत्येक वाचकासाठी कोठेतरी एखादे पुस्तक असते आणि प्रत्येक पुस्तकाचाही कोणीतरी वाचक असतो. म्हणजे मूल वाचत नसेल, तर त्या दोघांची अजून गाठ पडलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही गाठ घालून देणे हे शाळेचे काम आहे.

चेन्नईत अंबत्तूरच्या बाजूला ओरगडम नावाची वस्ती आहे. तेथे माझे एक स्नेही राहतात. जवळच्या एका कारखान्यात ते लेथवर काम करतात. घरात मराठी, शाळेत तमिळ आणि इंग्रजी, अशा तीन भाषांत वाढणारा त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा वर्गात अडखळत वाचीत असे. मुले हसत, म्हणून त्याने वाचणेच सोडले होते. त्याच्या शिक्षिकेने त्याला गोष्टीचे एक पुस्तक दिले. ते न उघडता परत आले. दुसरेही तसेच आले. बाईंनी दोन्ही वेळा ते निमूटपणे परत घेतले. एकदा बोलता बोलता वडिलांच्या यंत्राची गोष्ट निघाली, तेव्हा हा अबोल मुलगा भडाभडा बोलू लागला. तिसऱ्या खेपेस बाईंनी त्याला यंत्रांविषयीचे एक पातळसे, सचित्र तमिळ पुस्तक दिले आणि म्हणाल्या, "यावर मी काहीही विचारणार नाही."

माझे स्नेही तमिळ अस्खलित बोलतात. पण ती लिपी त्यांना वाचता येत नाही. त्या रात्री मुलगा एकेक ओळ तमिळमध्ये वाची आणि मराठीत वडिलांना समजावून देई. तो अडखळे, पण तेथे हसणारे कोणी नव्हते, ऐकणारे होते. आयुष्यभर ज्या यंत्रावर हात चालविला, त्याच्याविषयी आपल्या मुलाच्या तोंडून ऐकताना वडिलांचे डोळे भरून आले. पुढचे पुस्तक मुलाने आपण होऊन मागितले.

आपल्याकडे साने गुरुजींनी हेच मर्म ओळखले होते. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तेथील छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढीत. दिवसभर शिकविणारा हा शिक्षक मुलांसाठी रोज नवे लिहितो, एवढ्यानेच त्या कागदाला वेगळे मोल येई. तो पाठ नव्हता, त्यावर परीक्षाही नव्हती. मुलांच्या शिक्षकाने त्यांच्यासाठीच लिहिलेले ते जणू पत्र होते.

म्हणून शाळांना माझे सांगणे थोडकेच आहे. पुस्तकांच्या कपाटाचे कुलूप काढा. पुस्तके फाटतील, एखादे हरवेलही. पण कुलपात सुरक्षित राहिलेले पुस्तक मुलापुरते हरवलेलेच असते. आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचून दाखवा आणि गोष्ट ऐन रंगात आली, की थांबून ते पुस्तक टेबलावर ठेवून द्या. मुलाला निवडू द्या. न आवडलेले अर्ध्यावर टाकू द्या. आणि वाचून झाल्यावर तात्पर्य विचारू नका.

१९३१ सालीच मन्नारगुडीच्या परिसरात बैलगाडीत पुस्तके भरून ती खेडोपाडी नेण्यात आली. वाचक येत नाही म्हणून गाडीवानाने त्याला बोल लावला नाही. त्याने बैल जुंपले. मुलांच्या बाबतीत आपणही एवढेच करावयाचे आहे. मूल पुस्तकाकडे येत नसेल, तर पुस्तकाने त्याच्या दाराशी जावे, आणि दार उघडेपर्यंत थोडे थांबावे.