पत्र्यावर पाऊस वाजतो तेव्हा



जून लागला की अंगणवाडीच्या बाईंची एक तक्रार हमखास कानावर येते. ‘एप्रिलपर्यंत छान बसत होता हो, आता पुन्हा किंचाळतो, दारातून पळून जातो.’ मी आधी विचारते, छप्पर कौलारू की पत्र्याचं? मिरगाची सर पत्र्यावर कोसळायला लागली की मोठ्यांनाही एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांना, हा आवाज सोसवतच नाही. सांगता येत नाही, म्हणून ती कान झाकतात, ओरडतात, पळतात. बघणाऱ्याला वाटतं, हट्टी आहे.

अशा मुलाला दटावून काही साधत नाही. सर आली की गाणी-टाळ्या थांबवा, मदतनीस ताईंनी त्याला आतल्या कोपऱ्यात घेऊन बसावं, कानटोपी चालत असेल तर घालावी. बदल आधी भोवतालात करायचा, मुलात नंतर. ही काही परदेशातून आलेली नवी कल्पना नाही. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे कोसबाडला गेल्यावर त्यांना दिसलं, की मुलं गुरांमागे जातात, ती शाळेत येणार कधी? मग त्यांनी गुरं चरतात तिथेच कुरणशाळा भरवली. मुलं येत नाहीत म्हणून मुलांना बोल लावला नाही.

आता चावणाऱ्या मुलाकडे येऊ, कारण पालकांची भांडणं सर्वांत जास्त त्याच्यावरून होतात. ‘आमच्या झिलाक चावता, तेका घराक धाडा!’ बाईंनी काय करावं? एक साधी वही ठेवावी. चावण्याच्या आधी काय घडलं, मुलानं काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं, एवढंच लिहावं. आठवडाभर लिहिलं की बहुतेक वेळा सूत सापडतं. समजा, हातातली गाडी दुसऱ्यानं ओढली की तो चावतो, आणि चावल्यावर गाडी परत मिळते. म्हणजे त्याच्यापुरता चावा हा ‘माका दी’ म्हणण्याचा खात्रीचा मार्ग झाला! मग त्याला दुसरा मार्ग द्यायला हवा. तळहात पुढे करायचा. भांडण नसताना, खेळता खेळता हे पुन्हा पुन्हा करून घ्या, आणि हात पुढे आला की पहिले काही दिवस वस्तू तत्काळ द्या. तिथे उशीर केलात तर दात परत येतील. घरी पाठवलं तर तो एवढंच शिकेल, की चावलं की आईकडे जायला मिळतं.

दुसरी अडचण एका कामातून दुसऱ्या कामात जाताना येते. करवंट्या-शिंपल्यांचा खेळ रंगलेला असतो आणि एकदम ‘चला, खाऊक बसा’ होतं. सगळी उठतात, एक जण जमिनीवर लोळण घेतो. त्याला आधी ताटली दाखवा, हातात द्या. शब्दांपेक्षा वस्तू लवकर कळते. शब्दही घरचेच वापरा. घरात मालवणी ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला पुस्तकी मराठीतली सूचना कळली नाही, तर त्याला मंद ठरवू नका. आणि गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार बघून आलेलं मूल दुसऱ्या दिवशी चिडचिड करणारच, ते वहीत लिहायचीही गरज नाही.

मात्र हाक मारली तर वळत नाही, तीन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, येत असलेलं बोलणं बंद झालं, अशा खुणा दिसल्या तर थांबू नका. ‘बापूस पण उशिरा बोललो होतो’ हे आजीचं म्हणणं खरं असेलही, पण कान तपासून घ्यायला काय हरकत आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. देवाला कौल लावायचा तर जरूर लावा, पण सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातही या, आणि येताना ती वही आणा. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना जे दिसत नाही, ते त्या वहीत असतं.

कोणी म्हणेल, अशा मुलांना अंगणवाडीत घ्यायचंच कशाला? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेसह एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीनं काय करावं, याची मार्गदर्शक कार्यपद्धतीही केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2023 मध्ये दिली आहे. तेव्हा हा बाईंच्या मेहरबानीचा प्रश्न उरलेला नाही. मात्र सेविका एकच, पंचवीस मुलं आणि डोक्यावर नोंदींचा ढीग, हेही खरं. म्हणून पालकांना विनंती, आठवड्यातून एक सकाळ आळीपाळीनं जाऊन बसा.

बाकीची मुलं विचारतात, ‘तेका बोलूक कित्याक येना नाय?’ त्यांना गप्प बसवू नका. ‘तो हातान सांगता, तेचो हात बघ,’ एवढं उत्तर पुरतं. मग तळहात पुढे करायची खूण सगळ्याच मुलांना शिकवून टाका.