‘बेपत्ता’ हे उत्तर नव्हे
(वाशीम येथील कार्यकर्ता-शिबिरात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



१९७१ च्या विजयाचे पोवाडे आपण पुष्कळ ऐकले. आज मला बोलायचे आहे ते त्या युद्धातून न परतलेल्यांविषयी.

आपल्या हवाई दलाची कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने प्रायः रात्री निघत. दिवसा लढाऊ विमाने जोडीने जातात. एकाचे काय झाले ते दुसरा पाहू शकतो. रात्रीचे बॉम्बफेकी विमान बहुधा एकटे असते. आत दोनच माणसे, वैमानिक आणि नॅव्हिगेटर. ती परतली नाहीत तर साक्षीदारही उरत नाही.

या विमानाच्या हल्ल्यासाठी बनविलेल्या प्रकारात वैमानिकाला संकटकाळी बाहेर फेकणारे आसन होते, नॅव्हिगेटरला नव्हते. त्याने दारातून उडी घ्यायची. २१ सप्टेंबर १९६५ च्या रात्री पाकिस्तानी विमानाने एक कॅनबेरा पाडले. वैमानिक लोव बाहेर पडून युद्धकैदी झाले; नॅव्हिगेटर कपूर मृत्यू पावले. एका घरी सुटकेची वाट पाहणे आले, दुसऱ्या घरी शोक आला. परंतु काय घडले ते दोन्ही घरांना कळले.

डिसेंबर १९७१ मध्ये कॅनबेरावर गेलेल्या फ्लाइट लेफ्टनंट ससून आणि फ्लाइट लेफ्टनंट अडवाणी यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. त्यांची नावे बेपत्ता ५४ जणांच्या यादीत आहेत. त्याच यादीत सुखोई विमानाचे वैमानिक विजय वसंत तांबे आहेत. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या दमयंती तांबे, कित्येक दशके सरकारला एकच प्रश्न विचारीत राहिल्या.

१९७२ च्या सिमला करारानंतर सुमारे ९३ हजार कैदी आपण परत पाठविले. ते योग्यच झाले. सूडाने कोणाचाही मुलगा घरी येत नाही. परंतु आपल्या या माणसांचा हिशेब त्या वाटाघाटींत पुरा झाला नाही. १९७९ मध्ये समाजवादी चळवळीतून आलेले परराष्ट्र राज्यमंत्री समरेंद्र कुंडू यांनी लोकसभेत नावे मांडली. २००७ मध्ये १४ नातेवाईक पाकिस्तानातील तुरुंग पाहून आले आणि रिक्त हस्ताने परतले. आपल्याकडे असा एकही कैदी नाही, असे पाकिस्तान सांगत आले आहे.

सात वर्षे वार्ता लागली नाही तर माणूस मृत मानता येतो, असे कायदा सांगतो. कायद्याला ते पुरते. आईला पुरत नाही. आपल्या जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या फाइलवर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो आणि शासनाच्या लेखी प्रकरण मिटते. घरात ते मिटत नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. या विमानांविषयीचे जे कागद दप्तरात असतील ते कुटुंबांना दाखवा. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्यांत पालघरचे गरीब मच्छीमारही असतात. त्या दिवशी बेपत्ता सैनिकांचा प्रश्न विचारला गेला की नाही, हे आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा. हुतात्म्याला हार घालणे सोपे असते. ज्याला हुतात्मा म्हणावे की कैदी हेच ठाऊक नाही, त्याच्या घरी हार कुठे घालणार? तिथे फक्त उत्तर घेऊन जाता येते, आणि ते मिळविण्याचे काम आपले आहे.