तिसऱ्या रात्रीची राखण



संमेलनाध्यक्षाने सुरुवातीला आपण या खुर्चीला लायक नसल्याचं सांगायचं आणि मग तासभर बोलायचं, असा आपल्याकडे रिवाज आहे. आजच्या अध्यक्षांनी त्यातला पहिला भाग गाळायचं ठरवलंय आणि दुसरा आवरता घ्यायचं संयोजकांना कबूल केलंय. त्यांची उमेदीची वर्षं वॉर्डांत गेली. भाषणांपेक्षा रजिस्टरं वाचायची सवय जास्त. म्हणून हे भाषणही एका रजिस्टरापासूनच सुरू होतं.

रात्रपाळीचं रजिस्टर. व्यसनमुक्ती केंद्राच्या डिटॉक्स वॉर्डात, नर्सच्या टेबलावर, पाण्याच्या जगाशेजारी ते पडलेलं असतं. त्यातल्या नोंदी साधारण अशा असतात : रात्री २.४०, पेशंट उठून बसला. भिंतीवर मुंग्या चालतात म्हणतो. अंगाला घाम. गावाचं नाव चुकीचं सांगितलं. डॉक्टरांना फोन केला. अक्षर बहुधा दहावीपर्यंत शिकलेल्या मदतनिसाचं. शुद्धलेखन यथातथा. पण भिंतीवरच्या त्या मुंग्या वेळेवर लिहिल्या गेल्या, म्हणून कितीतरी माणसं सकाळचा चहा प्यायला उठली आहेत.

नातेवाईक मात्र वेगळीच मागणी घेऊन येतात. ‘याच्या अंगातली दारू काढून टाका, सगळं रक्त धुऊन काढा.’ दोष त्यांचा नाही. आपणच या कामाला ‘निर्विषीकरण’ असं भारदस्त नाव दिलं आणि विष धुण्याचं चित्र लोकांच्या डोक्यात बसवलं. आता हिशेब करून पाहू. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली. ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने तिच्यात साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं. म्हणजे रात्री नऊला संपवलेली क्वार्टर सकाळी सहाच्या सुमाराला यकृतानं, कुठल्याही डॉक्टरची मदत न घेता, बहुतेक निकालात काढलेली असते. मग धुवायचं काय उरलं?

खरा प्रश्न नेमका तिथून सुरू होतो. ब्रेकवर पाय ठेवूनच रोज गाडी हाकणारा ड्रायव्हर ॲक्सिलरेटर जास्त दाबायला शिकतो, तसं वर्षानुवर्षं दारूत भिजलेल्या मेंदूचं होतं. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या रसायनाचं बळ वाढवते, उत्तेजित करणाऱ्याचं दाबते. मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट्या बाजूने जोर लावत राहतो. एके सकाळी ब्रेकवरचा पाय निघतो आणि गाडी घाट उतरायला लागते. सहा-आठ तासांत हात थरथरतात, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या दिवसाच्या अखेरीपासून चौथ्यापर्यंत कधीतरी, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत तिसऱ्या रात्रीच्या आसपास, काहींना ते गाठतं ज्याला थॉमस सटन या इंग्रज डॉक्टरनं १८१३ साली ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हटलं : ताप, घाम, भास, भ्रम, छाती फोडून निघेल अशी धडधड. उपचारांची सोय नव्हती त्या काळात अशा रुग्णांपैकी ३५ टक्क्यांपर्यंत दगावल्याच्या नोंदी आहेत. आज नीट उपचार झाले तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली राहतं.

हे सगळं दारू थांबल्यामुळे होतं, हे कळायलाही १९५५ साल उजाडावं लागलं. तोवर कुणी म्हणे दारूचं विष चढलं, कुणी म्हणे उपासमार, कुणी म्हणे जीवनसत्त्वांचा अभाव. अमेरिकेत केंटकीमधल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉर्फिनचं व्यसन सुटलेल्या दहा जणांना चांगलं जेवण आणि जीवनसत्त्वं देत आठवडे न् आठवडे दारू पाजली आणि मग ती एकदम बंद केली. जे सहा जण सर्वांत जास्त दिवस प्यायले, त्यांतल्या दोघांना फिट आल्या, तिघांना भ्रम झाला. पोटभर खाऊनही. आजची कुठलीही नैतिक समिती असला प्रयोग दारातच अडवेल, आणि अडवावाच. पण आपला आजचा वॉर्ड त्या दहा माणसांच्या ऋणात आहे.

हे आपल्या पंचांगालाही सांगायला हवं. आषाढी अमावास्येला गटारी दणक्यात होते आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला म्हणून माणूस बाटली खाली ठेवतो. कुणी माळ घालतो, कुणी आईची शपथ घेतो. अधूनमधून पिणाऱ्याचं यात काही बिघडत नाही. पण सकाळी उठल्याबरोबर हात स्थिर करण्यासाठी ज्याला दारूची ‘नव्वद’ लागते, त्याच्यासाठी श्रावणाची पहिली तीन-चार दिवसांची कड धोक्याची असते. त्यातून घरात फिट आली की देवाचा कोप झाला असं ठरतं आणि पुन्हा प्यायला लावलं जातं. शिवाय असं धरणं-सोडणं जितक्या वेळा, तितकी पुढची खेप बहुधा जास्त अवघड.

असाच एक श्रावण सरकारी आदेशानं अख्ख्या देशावर आला होता. मार्च २०२०च्या टाळेबंदीत दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली. केरळमध्ये आत्महत्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा तिथल्या सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला आणि एप्रिलच्या सुरुवातीला उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. न्यायालयाचं बरोबर होतं. पण तो आदेश काढणाऱ्यांना जी भीती वाटली ती खोटी नव्हती. उत्तर चुकलं होतं. औषध होतं, ते देणारी खाट नव्हती.

आता त्या खाटेकडे वळू.

दाखल करताना पहिला प्रश्न ‘का पितोस?’ असा नसतो. शेवटची कधी घेतली, रोज किती, आधी सोडली तेव्हा फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या घेतोस का, डोक्याला मार लागलाय का, असे प्रश्न असतात. मग साखर, यकृत, क्षार यांच्या तपासण्या. मग सामानाची झडती, ज्यात चपलेचा तळ आणि टूथपेस्टची ट्यूबही सुटत नाही. या झडतीचा अपमान वाटू नये म्हणून जी नर्स ती गप्पा मारत करते, तिची कला कुठल्याच अभ्यासक्रमात नाही.

औषधांतलं मुख्य म्हणजे क्लोरडायाझेपॉक्साइड. एका औषध कंपनीत, रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेत, हे रसायन कपाटात पडून होतं. १९५७ मध्ये साफसफाई करताना हाती लागलं आणि १९६० मध्ये ‘लिब्रियम’ नावानं बाजारात आलं. वॉर्डातल्या अर्ध्या लोकांचे प्राण एका कंपनीच्या आवराआवरीत सापडले आहेत म्हणा ना. दारूनं दाबलेला ब्रेक हे औषध हळूहळू, पाच-सात दिवसांत उतरत्या मात्रेनं सोडतं. किती द्यायचं हे मोजायला दहा मुद्द्यांची एक मापनपट्टी आहे : थरथर, घाम, अस्वस्थता, भास वगैरे, दर काही तासांनी गुण द्यायचे, बेरीज करायची. ती मुंग्यांची नोंद या बेरजेत जाते. यकृत खराब असेल तर औषध बदलून लोराझेपाम द्यावं लागतं.

आणि मग सलाईन. आपल्याकडे सलाईनची बाटली टांगली नाही तर उपचार झाले असं नातेवाइकांना वाटत नाही, आणि गावातल्या दवाखान्यात ती बाटली बहुतेकदा ग्लुकोजची असते. कुपोषित दारुड्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आधीच तळाला गेलेलं असतं. त्यावर नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं आणि कार्ल वेर्निक यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेला मेंदूचा आजार ओढवू शकतो : डोळे फिरतात, तोल जातो, नंतर स्मृतीच पुसली जाते. थायमिनचं इंजेक्शन स्वस्त आहे. ते ग्लुकोजच्या आधी द्यायचं, एवढाच नियम. या सभागृहातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्यावी.

गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या भाषेत ‘टर्की लागते’ : जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडं मोडल्यासारखी दुखणं, जुलाब. यात मरण क्वचित येतं, पण माणूस मरण मागतो. ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधांनी हे सुसह्य होतं. धोका पुढे असतो. आठव्या-दहाव्या दिवशी पेशंट दाढी करतो, दोन पोळ्या जास्त मागतो आणि म्हणतो, आता मी एकदम ठीक, सोडा मला. घरचेही म्हणतात, रंग उजळला, नेतो आता. पण शरीराची सहनशक्ती या दिवसांत उतरलेली असते. बाहेर जाऊन त्यानं जुन्याच मापानं पुडी ओढली तर श्वास थांबू शकतो. निव्वळ डिटॉक्स करून दारात सोडणं म्हणजे काही जणांना आधीपेक्षा जास्त धोक्यात लोटणं आहे.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला हे पहिल्यापासून उमगलं होतं. लेखक अनिल अवचटांनी गर्दबद्दल लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी लाखाची देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र उभं राहिलं. चालवलं डॉ. अनिता अवचटांनी, स्वतः कर्करोगाशी झुंजत, १९९७ मध्ये जाईपर्यंत. आज मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळतात. तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा. त्यातलं डिटॉक्स हे पहिलं थोडकं प्रकरण. पुढे समूहातलं बोलणं, योगासनं, कामाच्या वाटण्या, गाणी, आणि मग महिन्यामहिन्याचा फॉलोअप. पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट, कारण पस्तीस दिवसांनी घरी येणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणं तिच्या वाट्याला येतं. २००९ मध्ये व्यसनी स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग सुरू झाला. पिणारा नवरा ही तक्रार असते, पिणारी बायको हे गुपित असतं. म्हणून ही दारं स्वतंत्र लागतात.

दुसऱ्या टोकाची जागाही इथे सांगायला हवी. कुठल्याशा फार्महाऊसवर पाटी लावून, पेशंटना मारून, साखळीनं बांधून ‘सुधारणारी’ केंद्रं आपल्यातल्या अनेकांनी पाहिली आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक त्रास आपल्या कक्षेत घेतले, नोंदणी सक्तीची केली आणि साखळीवर स्पष्ट बंदी घातली. तरीही नातेवाईक पेशंटला तिथे नेतात, कारण तिथे खाट मिळते.

खाटेचा हिशेब असा. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ५.७ कोटी माणसांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलेतरी उपचार मिळतात. दाखल होऊन उपचार मिळतात १८० जणांत एकाला.

उरलेले १७९ कुठे असतात? त्यांतले काही याच क्षणी तुमच्या जिल्हा रुग्णालयात आहेत. हाडांच्या वॉर्डात, मोटारसायकलवरून पडलेले. सर्जरीच्या वॉर्डात, हर्नियाच्या ऑपरेशननंतर. तिसऱ्या रात्री ते सलाईन उपटतात, पलंगावरून उतरतात, वॉर्डबॉय त्यांना पट्ट्यानं बांधतो आणि सकाळच्या राउंडला ‘पेशंट त्रास देतो’ अशी नोंद होते. केसपेपरवर दारूचा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. सगळ्यांसाठी केंद्रं बांधता येणार नाहीत, त्याची गरजही नाही. ज्यांना पूर्वी फिट आलेली नाही, घरी कुणी लक्ष ठेवणारं आहे, अशा बऱ्याच जणांचं डिटॉक्स घरून, रोज तपासणीला येऊनही होतं. पण ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर दोन ओळी वाढवणं शक्य आहे : रोज पिता का, शेवटची कधी घेतली. कपाटात थायमिन आणि क्लोरडायाझेपॉक्साइड ठेवणंही शक्य आहे. ठरावांच्या मसुद्यात हे तिसऱ्या क्रमांकावर आहे. अध्यक्षांची विनंती आहे की ते पहिल्यावर आणावं.

आणि एक कबुली. दुपारच्या सत्रात रात्रपाळीचे मदतनीस आणि मावशी बोलणार आहेत. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावं शेवटच्या पानावर, जेवणाच्या कूपनांच्या सूचनेखाली छापली गेली. मुद्रितं अध्यक्षांनीच तपासली होती. तेव्हा सत्राची वेळ बदलली आहे. जेवणानंतरचं सत्र आता जेवणाआधी, म्हणजे हे भाषण संपताच सुरू होईल. त्यांतले तिघे काल रात्रीची पाळी करून थेट इथे आले आहेत, त्यांना पुढच्या रांगेत जागा करून द्यावी.