मोहरीचा एक दाणा



श्रावस्तीची कृशा गौतमी मृत मूल कडेवर घेऊन तथागतांकडे औषध मागावयास आली. ज्या घरी कधीही मृत्यू आला नाही, तेथून मोहरी आण, असे त्यांनी सांगितले. ती दारोदार हिंडली. मोहरी सर्वत्र होती. तसे घर मात्र एकही नव्हते.

सारनाथ येथे पाच भिक्षूंना दिलेल्या पहिल्या उपदेशाचे मर्म हेच आहे. दुःख आहे, तृष्णा हे त्याचे मूळ आहे, तृष्णेच्या क्षयाने ते मावळते आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे. भोगविलास आणि देहदंड ही दोन्ही टोके हा मार्ग टाळतो. गृहस्थासाठी पंचशील सांगितले आहे: हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहणे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, आणि हे शील महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले.

गौतमीला प्रथम उपदेश मिळाला नाही. ती इतरांच्या उंबरठ्यावर गेली, त्यांचे दुःख तिने ऐकले. करुणेचा आरंभ तेथेच होतो. आपल्या शेजारच्या शोकाकुल घराचा उंबरठा आपण अखेरचा केव्हा ओलांडला, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.