वीतभर चित्र



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की बोनस, महागाईभत्ता किंवा नवे कामगार कायदे यांवर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे रास्त आहे. आम्ही विषय कळवला तो मात्र तैलरंगातील फुलांच्या आणि नित्याच्या वस्तूंच्या लहान चित्रांचा. संयोजकांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यात त्यांचा दोष नाही.

आमची ओळख थोडक्यात करून देतो. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांचे साचे बंद पडले आणि सातवीनंतर आमची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरच्या हाताखाली आम्ही ब्रश धुवायला लागलो. वाचायला शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, आणि रंग शिकलो ते त्या ब्रशांच्या घाणेरड्या पाण्यात व टर्पेंटाईनमध्ये. संघटनेचे काम मागून आले. रंग काही सुटला नाही. आजही रविवारी सकाळी दोन तास आम्ही एखादे वीतभर चित्र काढतो.

याला सामग्री फार लागत नाही. हार्डबोर्डाचा आठ बाय दहा इंचांचा तुकडा, त्यावर अस्तराचे दोन हात, चार-पाच रंग, दोन ब्रश आणि एक खिडकी. उजेड एकाच बाजूने यावा, म्हणजे वस्तूची सावली खोटे बोलत नाही. तैलरंग जवसाच्या तेलात घोटलेला असतो. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते हळूहळू घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल असे कधी वाळत नाही, म्हणून ते चित्राच्या कामाचे नाही. खालचे थर कमी तेलाचे आणि वरचे जास्त तेलाचे ठेवावेत, नाही तर वरचा थर आधी वाळून पुढे तडकतो. आणि संघटनेच्या माणसाचा एक इशारा: जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. पसरून वाळवा.

आता कोणी म्हणेल, लोकांच्या पोटाचे प्रश्न समोर असताना फुले आणि भांडी रंगवणे ही चैन नव्हे काय? हा प्रश्न आम्हीही स्वतःला पुष्कळ दिवस विचारत होतो. त्याचे उत्तर एका फ्रेंच चित्रकाराने दिले.

फ्रान्सच्या राजमान्य कलासंस्थेत चित्रांच्या जाती ठरलेल्या होत्या. १६६७ साली फेलिबियाँ या लेखकाने ती उतरंड मांडून दाखवली. वरती राजे, देव आणि लढाया; खाली खाली येत अगदी तळाला फळे, फुले, शिंपले. शार्दाँ नावाचा चित्रकार १६९९ साली पॅरिसमध्ये जन्मला. बाप सुतार होता, बिलियर्डची टेबले करणारा. १७२८ साली त्याला त्या संस्थेत घेतले, पण नोंद झाली ती प्राणी आणि फळे रंगवणारा म्हणून. त्याने १७३४ च्या सुमारास स्वयंपाकघरातला पाण्याचा तांब्याचा पिंप रंगवला. चित्र फूटभरही उंच नाही. पण त्या पिंपाला, शेजारच्या बादलीला त्याने जो मान दिला आहे, तो इतर चित्रकारांनी सेनापतींना दिला. फुलांचे त्याचे एकच चित्र आज उरले आहे. ते एडिंबरोला आहे, आणि त्यात आपला निशिगंध आहे.

हे वाचताना आम्हांला आमचीच एक चूक आठवली. ती आज सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी एक कारखाना बंद झाला. आम्ही तडजोड केली, रक्कम चांगली मिळवली, गेटवर हार घेतले. तेथे एक बाई झाडलोट करीत असत. रोज सकाळी आमच्या संघटनेच्या टेबलावर काचेच्या पेल्यात तगरीची चार फुले ठेवीत. त्या ठेकेदाराकडच्या, म्हणून हजेरीपटावर त्यांचे नाव नव्हते. आणि आम्ही यादी हजेरीपटावरून केली. सर्वांचे पैसे वाटून झाल्यावर बाई एवढेच म्हणाल्या, “दादा, माझं राहिलं का?” राहिले होते. ते पुढे कायद्याने मिळाले नाही. वर्गणी काढून जे जमले ते दिले, पण वर्गणी म्हणजे हक्क नव्हे.

त्या रविवारी आम्ही पेल्यात तगर ठेवून चित्राला बसलो. तेव्हा कळले, पांढरे फूल पांढरे नसते. सावलीकडची पाकळी हिरवट, काठ निळसर राखी, देठाजवळ पिवळट झाक. आणि निव्वळ पांढरा ठिपका लागला तो एकाच जागी. पेल्यातल्या पाण्यात देठ मोडल्यासारखा दिसत होता. दुपारी फुले मलूल झाली, चित्र अर्धेच राहिले. वर्षानुवर्षे ही फुले आमच्यासमोर होती आणि आम्ही ती एकदाही पाहिली नव्हती. बाईंनाही पाहिले नव्हते.

आम्ही सभेत “हजारो कामगार” म्हणतो, आणि म्हणावेच लागते. एकट्याच्या आवाजाला मालक भीत नाही. परंतु हजारांची संख्या बोलण्याची सवय लागली की एक माणूस दिसेनासा होतो. वीतभर चित्र ती सवय मोडते. तेथे एकच पेला असतो, आणि तो नीट पाहिल्याशिवाय सुटका नसते. त्यानंतर कोणतीही यादी करताना आम्ही हजेरीपट बाजूला ठेवून आधी आवारात एक फेरी मारतो. झाडणारे, चहा देणारे, रात्री फाटक उघडणारे, सर्वांना नाव विचारतो. ठेका पद्धतीचा प्रश्न याने सुटला असे नाही. तो लढूनच सुटेल. पण कोणासाठी लढायचे, ते तरी विसरत नाही.

आपल्यापैकी ज्यांना हौस असेल त्यांनी उद्या एक तांब्या किंवा जास्वंदीचे एक फूल खिडकीत ठेवून पाहावे. जास्वंद संध्याकाळी मिटते, तेव्हा सकाळीच बसा. चित्र बिघडले तरी चालेल, आमचीही बिघडतात. अर्धी राहिलेली ती तगर आम्ही पुरी केली नाही. संघटनेच्या कचेरीत ती तशीच टांगली आहे, नेमकी यादी लिहिण्याच्या टेबलासमोर.